कागदात नसलेलं वाक्य

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आजोबा अंगठा लावायचे, वडील सातवीपर्यंत शिकले, आई सही करते पण पेन धरायच्या आधी हात पदराला पुसते. आमच्याकडे लिहिलेलं असं काय असायचं, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसची टाकी लावल्याची तारीख. अशा घरातून आलेल्या मुलाने उठून तुमचा वेळ घ्यावा, हा आगाऊपणाच आहे. तरी लिहितो. कारण हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — ना खोलीवरच्या मित्रांना, ना घरी, ना ज्यांना पहिल्यांदा सांगायला हवं होतं त्या दातार मॅडमना.

मी नाशिकला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव चांदवडजवळ. ज्या गोष्टीबद्दल लिहितोय ती मी दुसऱ्या वर्षाला असतानाची.

आमच्या कॉलेजचं विधी साहाय्य केंद्र आहे. एक शनिवार सोडून एक शनिवार आम्ही मुलं आणि शहरातले चार-पाच वकील सिन्नर तालुक्यातल्या एका गावात जायचो. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसायचो. लोकांनी कागद आणायचे, वकिलांनी फुकट सल्ला द्यायचा. 'फुकट' हा शब्द त्या वकिलांमधल्या दातार मॅडमना आवडत नसे. त्या म्हणायच्या, "फुकट नाही म्हणायचं. फुकट म्हटलं की लोक फुकटासारखं ऐकतात आणि आपण फुकटासारखं सांगतो." इंदिरानगरमधून स्वतःची गाडी घेऊन यायच्या, सगळ्यांचे डबे पाहून मगच आपला उघडायच्या. आठवडाभर कोर्टात उभं राहिलेल्या बाईने शनिवारी शाळेच्या लहान बाकावर गुडघे दुमडून बसायचं आणि दुसऱ्याचे मळके कागद दोन-दोनदा वाचायचे. हे कशासाठी? मला तेव्हा खरंच कळत नव्हतं. मी प्रमाणपत्रासाठी जात होतो. हेही आता लिहून टाकतो.

पद्धत अशी होती. आम्ही मुलांनी बाहेर व्हरांड्यात पहिल्या टेबलावर बसायचं. आलेल्या माणसाचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं, कागद असेल तर तो त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि गुलाबी चिठ्ठी देऊन आत वकिलांकडे पाठवायचं. ज्याला नुसता फॉर्म भरून हवा असेल त्याला चिठ्ठी नाही, त्याचं काम बाहेरच व्हायचं. सल्ला आम्ही द्यायचा नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वाचून दाखवा, लिहून घ्या, आत पाठवा. शहाणपण आत आहे, बाहेर नको."

सोपं होतं ना? वाचून दाखवायचं. जे लिहिलंय ते. यात चुकायला जागा कुठे होती?

मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो की माझी चूक झाली. गर्दी होती. ऊन होतं. मी नवीन होतो. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्हींचा काही संबंध नाही.

सुमनबाई तिच्या भावाबरोबर आली. पन्नाशी ओलांडलेली, बारीक चणीची, कपाळ मोकळं. नवऱ्याने फार वर्षांपूर्वी टाकलेली होती, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ती माहेरीच होती. बापाने मरायच्या आधी तिला मळ्यात विहिरीशेजारी एक पत्र्याची खोली बांधून दिली होती. तिथे तिचं शिलाईचं मशीन होतं, दोन शेळ्या होत्या. हे सगळं तिने न विचारता सांगितलं, कागद बाहेर काढायच्या आधी. कागद पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत.

"दादा, ह्यो कागद वाचून दाखवा. भाऊ म्हणतो सही कर. मी म्हणलं, शाळेत वकील येतात, त्यांच्याकडून वाचून घेते, मग करते."

भाऊ हसला. बाळासाहेब त्याचं नाव. पांढरा शर्ट, खिशाला पेन. "वाचा साहेब. बहिणीचा भावावर भरोसा नाय राहिला आता."

"भावावर हाय रे," ती म्हणाली. "कागदावर नाय."

बाजूला थांबलेली माणसं हसली. मीही हसलो. मग बाळासाहेब मला म्हणाला, "वकीलसाहेब, चहा सांगू का?" मला तोवर कुणीच वकीलसाहेब म्हटलं नव्हतं. मी दीड वर्ष कायदा शिकलेला मुलगा होतो. नको म्हणालो नाही.

कागद हक्कसोड पत्राचा होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — बाप गेला की जमिनीवर भावाइतकाच बहिणीचाही हक्क लागतो. सातबाऱ्यावर नाव लागतं. मग बहिणीने तो हक्क भावासाठी सोडून द्यायचा असतो. 'द्यायचा असतो' हे कायद्यात कुठेही नाही, पण आमच्याकडे ते कायद्यापेक्षा पक्कं आहे. बहिणीला साडीचोळी करतात, गाडीत बसवून कचेरीत नेतात, जेवायला गोड करतात, आणि ती सही करते. न करणारी बहीण कशी असते याची वर्णनं मी लहानपणापासून ऐकत आलोय.

मी वाचायला लागलो. नावं, वय, गट नंबर. 'स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय व मोबदल्याशिवाय.' ती मान डोलवत होती. हे तिला ठाऊक होतं. जमीन द्यायला ती तयारच होती, तसं ती म्हणालीही, "जमीन घे बाबा, मला काय नांगर धरायचाय?" मग पुढचं वाक्य आलं. त्यात असं होतं की सदर मिळकतीवर आणि त्यावरील बांधकामावर तिचा कोणताही हक्क राहिलेला नाही.

बांधकाम म्हणजे खोली. दुसरं काही बांधकाम त्या मळ्यात नव्हतं.

ते वाक्य मी मोठ्याने वाचलं नाही. डोळ्यांनी वाचलं आणि थांबलो.

तिने विचारलं, "आन माझी खोली? खोलीचं काय लिवलंय?"

मला इथे थोडं दुसरीकडे जायचंय. टाळतोय असं वाटेल. टाळतोही असेन.

मी सातवीत असताना माझ्या आत्याने हक्कसोड केली. मला तो दिवस आठवतो कारण शाळा बुडवायला मिळाली होती. आत्याला हिरवी साडी घेतली होती. जेवताना वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "आमची ताई सोन्याची हाय," आणि आत्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "भाच्याला शिकवा म्हंजे झालं." तिच्या वाट्याचा तुकडा हायवेला लागून होता. मी बारावी झालो तेव्हा तो विकला. माझं नाशिकचं शिक्षण, ही खोली, पुस्तकं, हे ज्या पेनाने लिहितोय ते पेनसुद्धा — सगळं तिथून आलंय. आत्याचा नवरा आजारी पडला तेव्हा ती आठ दिवस राहायला आली होती. आई वाईट बाई नाही. पण तिसऱ्या दिवशी आईने तिला विचारलं, "ताई, तुमची गाडी कितीची हाय?" आत्या म्हणाली, "पाचची." आणि पाचला गेली. मी तेव्हा घरात होतो. माझ्या हातात भारतीय संविधानाचं पुस्तक होतं.

तर, सुमनबाईने विचारलं खोलीचं काय, तेव्हा मला आत्या आठवली का? हो. लगेच आठवली. म्हणून मला कळवळा वाटला का? तुम्हाला वाटेल, वाटलाच असेल. नाही वाटला. मला राग आला. या बाईचा. हिला कशाला पाहिजे वाचून? सगळ्या बहिणी करतात, माझ्या आत्याने न वाचता केली — आणि हिला चिठ्ठी दिली, ही आत गेली, मॅडम तिला म्हणाल्या की 'बाई, सही करू नका', तर मग माझ्या आत्याला तसं कुणी का म्हटलं नाही? कुणी म्हणायला हवं होतं? मी? हे सगळं इतकं नीट मनात आलं नाही. पण जे आलं ते हेच होतं. एका बाईला खरं सांगितलं असतं तर ते माझ्या घरालाही लागू झालं असतं. ते मला नको होतं.

मी कागदाकडे बघत वाचलं, "विहिरीशेजारील खोली सुमनबाई यांच्याकडे त्या हयात असेपर्यंत राहील."

असं वाक्य कागदात नव्हतं.

मी ते तयार केलं. 'हयात असेपर्यंत' म्हणालो, 'विहिरीशेजारील' म्हणालो, दस्तात लिहितात तसंच. कायद्याची भाषा मी दीड वर्ष शिकत होतो. तिचा माझ्या तोंडून झालेला तो पहिला उपयोग.

बाळासाहेबाने माझ्याकडे पाहिलं. कागद त्यानेच करून आणला होता, त्यात काय आहे ते त्याला माहीत होतं. त्याने आलेला चहाचा कप माझ्याकडे सरकवला. त्या व्हरांड्यात तीसेक माणसं असतील, पण त्या क्षणी आम्ही दोघंच एकमेकांना ओळखत होतो.

"राहील ना?" तिने विचारलं.

"राहील," मी म्हणालो.

तिने कागद परत पिशवीत, पिशवी पिशवीत ठेवली. म्हणाली, "बघ, वाचलं ते बरं झालं. आता मला निवांत झोप लागंल." हे भावाला. मला म्हणाली, "लय शिका, दादा." मी तिला गुलाबी चिठ्ठी दिली नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहिलं — वारस नोंद, फॉर्मबाबत माहिती दिली.

इथेच संपलं असतं तर मी म्हणू शकलो असतो की तोंडून गेलं. कुणाच्या तोंडून काही जात नाही का? पण ती परत आली.

पुढच्या वेळी, पंधरा दिवसांनी. एकटीच. सही अजून झाली नव्हती. सोमवारी सिन्नरला जायचं ठरलं होतं. कागद भावाकडे होता. ती टेबलासमोर न बसता उभीच राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, ते खोलीचं पुन्हा एकदा सांगता का? पाठ करून ठेवते."

मला पंधरा दिवस मिळाले होते. आत मॅडमसमोरची खुर्ची रिकामी होती. मला दिसत होती. मॅडम चष्मा पुसत बसल्या होत्या. मी फक्त हात करायचा होता.

मी ते वाक्य पुन्हा म्हणालो. शब्द न शब्द तोच. सुमनबाई ओठ हलवत माझ्यामागून म्हणाली, 'हयात असेपर्यंत'ला अडखळली, मी दुरुस्त केलं. तेवढ्यात मॅडमनीच आतून विचारलं, "काय आहे रे? पाठवतोस का त्यांना?"

"काही नाही मॅडम. वारस नोंदीचं होतं. झालं."

"नक्की?"

"हो मॅडम."

सुमनबाईने मॅडमकडे पाहून हात जोडले. आणि गेली. मी तिला जाताना पाहिलं की नाही, हे मला आठवत नाही. बहुतेक पुढच्या माणसाचं नाव लिहीत होतो.

त्यानंतर मी अभ्यासाचं कारण सांगून सिन्नरचं शिबिर सोडलं आणि शहरातल्या केंद्रात बदली मागितली. मॅडम म्हणाल्या, "तिथे तुझी गरज जास्त आहे, लोकांची भाषा तुला कळते." मी म्हणालो, प्रवासाचा त्रास होतो.

पुढच्या वर्षी वर्गात सरांनी एक प्रश्न विचारला. निरक्षर व्यक्तीला दस्त चुकीचा वाचून दाखवला आणि त्यावर तिने सही केली, तर त्या दस्ताचं काय होतं? कुणी हात वर केला नाही. मी केला. सांगितलं की तिची संमती खरी संमती नसते, तिला दस्त रद्द करून मागता येतो, पण कोर्टात मुदतीत यावं लागतं आणि काय वाचून दाखवलं होतं ते सिद्ध करावं लागतं. "आणि ते सिद्ध कसं करशील?" सर म्हणाले. मी म्हणालो, "सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे वाचणाऱ्याची साक्ष." सर म्हणाले, शाबास. माझ्या शेजारच्या मुलाने ते वहीत उतरून घेतलं.

तरी मी गेलो नाही. सिन्नरची एसटी दर थोड्या वेळाने असते. भावाने खोली काढून घेतलीच असेल असं थोडंच आहे, मी म्हणायचो. भाऊ आहे शेवटी. ठेवलं असेल तिला. हे म्हणताना मला माझ्या घरातली पाचची गाडी कशी आठवत नसे? आठवायची. मी दुसरं काही वाचायला घ्यायचो.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मला केंद्राकडून उत्तम स्वयंसेवकाचं प्रमाणपत्र मिळालं. मॅडमच्या हस्ते. त्या दोन शब्दही बोलल्या माझ्याबद्दल. 'प्रामाणिक' हा त्यातला एक. घरी वडिलांनी ते फ्रेम करून लावलंय.

आता जी बातमी कळली ती सांगतो. मागच्या महिन्यातली. आमच्या वर्गातला नितीन सिन्नरचा आहे. त्याचा मामा तिथे दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर मुद्रांक विकतो, लोकांचे दस्त टाइप करून देतो. सुट्टीत नितीन त्याच्याकडे बसतो. कॉलेजच्या फाटकासमोर चहा पिताना तो आम्हा चौघांना तिथल्या गमती सांगत होता.

"आमच्या मामाकडं एक आजी येते. खोलीवाली आजी म्हणतात तिला. दर सोमवारी येते म्हणजे येते. म्हणते, माझा खरा कागद द्या."

"खरा म्हणजे?"

"हक्कसोड केलीय तिनं भावाला. भावानं खोली पाडली, तिथं कांदाचाळ बांधली. पोरांनी तिचं मशीन उचलून रस्त्यावर ठेवलं. तर ही म्हणते, भावानं कागद बदलला. वकिलानं वाचला तो कागद दुसरा होता, त्यात खोली होती. मामानं आतून नक्कल काढून दाखवली. म्हणाला, आजी, फोटो तुमचा, सही तुमची. तर म्हणते, फोटो माझा हाय, सही माझी हाय, पण कागद ह्यो नाय."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "डोक्यावर परिणाम झाला असेल."

"कसला परिणाम? एकदम खणखणीत आहे. एमआयडीसीकडं एका मेसमध्ये पोळ्या लाटते, तिथंच झोपते, सोमवारी सुट्टी घेऊन येते. ते वाक्यपण पाठ आहे तिचं, हयात असेपर्यंत वगैरे. मामा म्हणाला, आजी, भावावर केस करा, नायतर त्या वकिलाला शोधा. तर मामालाच झापलं. म्हणे, त्या पोराला कशाला मधी आणता, त्यानं दोनदा वाचून दिलं मला."

मी चहा पीत होतो. नितीन मला म्हणाला, "तू तर त्या गावच्या शिबिराला जायचास ना?" मी म्हणालो, "थोडे दिवस."

मग त्याने शेवटचं सांगितलं. वर मी हे लिहिलेलं नाही, कारण नितीनने सांगेपर्यंत मला ते आठवत नव्हतं. ते वाक्य वाचताना मी कागदावर बोट ठेवलं होतं. खरंच वाचतोय असं वाटावं म्हणून कुठल्यातरी ओळीवर ठेवलं असेल. सुमनबाईला सहीपलीकडे अक्षर येत नाही, पण जागा तिच्या लक्षात राहिली. दर सोमवारी ती नक्कल उघडते, दुसऱ्या पानावर खालून चौथ्या ओळीवर बरोबर बोट ठेवते आणि म्हणते, "हितं वाच."

नितीनचा मामा वाचतो, "पूर्वेस सामाईक रस्ता, पश्चिमेस ओढा."

ती शेवटपर्यंत ऐकून घेते. मग म्हणते, "नाय. चष्मा बदल तुझा," कागदाची घडी घालते आणि पुढच्या सोमवारी परत येते.